‘रेंज’ : गोल की सरळ?

पागोळी

मागच्या आठवड्यात संगमेश्वरजवळच्या आत्याकडे राहून आले. तिच्या घरात फोन लागत नाही. लागतो तो परसातल्या फणसाखाली, आणि तिथेही जमिनीपासून पुरुषभर उंचीवरच. म्हणून फांदीला दुधाची धुतलेली पिशवी बांधली आहे. तीत फोन ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि मान वर करून बोलायचं. त्या पिशवीला आत्या ‘टावर’ म्हणते. पावसात पिशवीवर आणखी एक पिशवी चढते. घरातल्या सगळ्या गोष्टी वाडीभर ऐकू जातात, पण त्याला इलाज नाही.

नववीतली भाची सोबत होती. आत्या झाडाखाली ओरडत होती, "रेंज गेली, रेंज गेली!" तेव्हा हिने विचारलं, "रेंज म्हणजे नक्की काय गं मावशी? भूगोलात माउंटन रेंज असते, बाबा स्कूटरची रेंज मोजतात, आणि इथे ती जाते कुठे?" मी सवयीने ‘टप्पा’ म्हणून मोकळी झाले. "मग डोंगराचा टप्पा कसला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन कोश उघडले. हाती लागलं ते असं. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. तिथे त्याचा अर्थ ओळ, आणि त्याचं क्रियापद म्हणजे ओळीत लावणे. आजच्या फ्रेंचमध्ये त्या कुळातला मूळ शब्द लिहितात शेवटी ‘ग’ घालून, म्हणतात नुसतं ‘राँ’. फ्रेंचमध्ये तो आला फ्रँक टोळ्यांच्या जर्मानिक भाषेतून, आणि अभ्यासकांनी तिथलं जे रूप मांडलं आहे ते आहे ‘हरिंग’. अर्थ काय, तर कडं. वर्तुळ. इंग्रजीतली बोटातली ‘रिंग’ तीच!

म्हणजे शब्द जन्मला गोल, फ्रान्सात सरळ झाला आणि इंग्लंडात गेल्यावर चहूकडे पसरला. आधी माणसांची ओळ, विशेषतः शिकाऱ्यांची आणि सैनिकांची. मग एखाद्या मुलखात हिंडणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीची गोळी जाईल तेवढं अंतर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरांची रांग. व्याप्ती हा अर्थ या सगळ्यांच्या मधे कुठेतरी आकाराला येत गेला. भावंडंही बरीच आहेत. ‘रँक’ म्हणजे ओळीतली जागा, ‘अरेंज’ म्हणजे ओळीत लावणे, आणि ‘डिरेंज्ड’ म्हणजे ओळीतून सुटलेला, आपण ‘डोकं ठिकाणावर नाही’ म्हणतो तसा.

गोलाचा सरळ कसा झाला, याचं कोशांतलं उत्तर असं की सभेला किंवा लढाईआधी माणसं कडं करून उभी राहत, आणि त्या कड्यातल्या माणसांची ती ओळ. पटतं, पण डोळ्यासमोर येत नाही. तुमच्या कामात, गावात ‘रेंज’ कुठल्या अर्थाने वापरतात तेही लिहा.

बेमोसमी

एवढं फ्रान्सपर्यंत जायची गरजच काय? रांग आणि रेंज. पर्वतरांग आणि माउंटन रेंज. आपलाच शब्द साहेबाने जहाजात घालून नेला. धागा संपला.

अर्धविराम

बेमोसमी, मोह मलाही झाला होता. पण आवाज जुळला की नातं जुळलं असं होत नाही, मधली साखळी दाखवावी लागते. आपल्या बदनाम, बदफैलीतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ घ्या. आवाज तोच, अर्थ तोच, नातं शून्य. उलट संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ ऐकायला कुठेही जुळत नाहीत, पण दोन्ही एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत, आणि त्यातला प्रत्येक ध्वनी कसा बदलला हे नियमाने दाखवता येतं.

इथे तर अडचण उघड आहे. रेंजची वंशावळ जसजशी मागे न्यावी तसतशी ती ‘रांग’पासून लांब जाते. मुळात ‘हरिंग’ आहे, सुरुवातीला ह आणि मधे इकार. ‘रांग’शी साम्य दिसतं ते मधल्या फ्रेंच रूपाचं, आणि साहेब इंग्लंडात तो शब्द वापरायला लागला ते भारताची वाट सापडण्याच्या दोनेकशे वर्षं आधी.

बेमोसमी

बरं. जहाज मागे घेतो.

ओळंबा

पागोळीताई, ‘डोळ्यासमोर येत नाही’ म्हणालात म्हणून लिहितो. निवृत्त सिव्हिलवाला आहे, उभं आयुष्य कालवे आणि रस्त्यांच्या आखणीत गेलं. आमच्या धंद्यात हा शब्द अजून ‘ओळ’ याच अर्थाने जिवंत आहे, आणि मला ते आज कळलं!

सर्व्हेमध्ये ‘रेंजिंग रॉड’ नावाची काठी असते. दोन किंवा तीन मीटर लांब, वीस-वीस सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे, खाली जमिनीत रोवायला लोखंडी टोक. या काठीने अंतर मोजत नाहीत. मोजणीची साखळी ओढायची तर ती सरळ रेषेत ओढली पाहिजे, नाहीतर अंतर जास्त भरतं. म्हणून दोन्ही टोकांना एकेक रॉड उभा करायचा. मधल्या माणसाने तिसरा रॉड दोन बोटांत सैल धरून उभं राहायचं, म्हणजे तो आपल्याच वजनाने ओळंब्यात राहतो. मी पहिल्या रॉडच्या मागे दोन पावलं, एक डोळा मिटून. हाताने खूण : डावीकडे, अजून डावीकडे, थोडं परत. तिन्ही रॉड एकमेकांमागे लपले, एकच दिसायला लागला, की रोव. याला ‘रेंजिंग’ म्हणतात. म्हणजे काठ्यांना रांगेत उभं करणं, बाकी काही नाही.

खरी गंमत मधे टेकडी आली की. दोन्ही टोकं एकमेकांना दिसत नाहीत. मग टेकडीवर दोन माणसं अशी उभी करायची की प्रत्येकाला दुसऱ्याच्या पलीकडचं टोक दिसेल. आधी हा त्याला सरकवतो, मग तो याला. पाच-सात वेळा असं केलं की दोघंही आपोआप रेषेत येतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा जादूच वाटली होती. हल्ली टोटल स्टेशन नावाच्या मोजणी-यंत्राने आणि जीपीएसने हे सगळं बसल्या जागी होतं.

आमचे मजूर मात्र त्याला शेवटपर्यंत ‘रंगीन रॉड’ म्हणत. आम्ही हसायचो. रंगवलेला होताच की तो, चूक कुणाची?

तिखटमीठ

‘रंगीन रॉड’ 😀 आजचा दिवस वसूल.

आमच्या हॉटेलात रेंज म्हणजे शेगडी. टू बर्नर रेंज, थ्री बर्नर रेंज, आणि चायनीजवाल्याची पुढे पाण्याचा नळ असलेली चायनीज रेंज. सकाळी पहिला आवाज असतो, "रेंज पेटव रे." नवीन आलेला पोरगा एकदा खिशातून मोबाईल काढून बघायला लागला होता.

पागोळी

हो, तो अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. आणि आपल्या चुलीला वैल असतोच की शेजारी. एका जाळावर दोन भांडी, भाकरी चुलीवर आणि आमटी वैलावर. ओळीतली चूल!

उंबरठा

शब्दांच्या वंशावळीतलं मला कळत नाही. पण ‘गोल असलेलं सरळ कसं झालं’ हा प्रश्न वारीला जाणाऱ्या माणसाला पडू नये.

माउलींची पालखी लोणंदहून निघाली की तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. तिथे पहिलं रिंगण. आणि ते गोल नसतंच, उभं असतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ उभ्या राहतात, मधे वाट मोकळी, आणि त्या वाटेने दोन अश्व धावतात. एकावर स्वार, दुसऱ्यावर कुणी नाही, तो माउलींचा. पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण लागतं. तीच माणसं, त्याच दिंड्या, तेच अश्व, फक्त रस्त्याऐवजी माळ मिळाला की ओळीची दोन टोकं फिरून एकमेकांना भेटतात. बाजीराव विहिरीपाशी तर एकाच दिवशी उभं आणि गोल दोन्ही होतात.

आम्ही दोन्हीला रिंगणच म्हणतो. कारण आकार महत्त्वाचा नाही, माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि मधली जागा त्यांनी राखली आहे, हे महत्त्वाचं. तुमच्या त्या फ्रँक लोकांचंही असंच काही झालं असेल. माणसं तीच राहिली, जागा बदलली.

(रिंगण आणि रिंग यांचं नातं जोडत नाही हो अर्धविराम, आधीच सांगतो.)

अर्धविराम

जोडलं नाहीत तरी याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या कोशात मिळालं नसतं. कान पकडतो.

त्याच कड्याचं आणखी एक पोर सांगतो. इंग्रजीत लांबलचक, अंगावर येणाऱ्या भाषणाला ‘हरांग’ म्हणतात. त्याच्या मुळाशीही ‘सैन्याचं कडं’ असा जोडशब्द असावा असं मानतात. मधे उभा राहून एक जण बोलणार आणि भोवती सगळे अडकलेले.

सागवान

वनखात्यात होतो. ‘रेंजर’ हा शब्द विदर्भात लहान पोराला पण माहीत असतो. कागदावर वनपरिक्षेत्र अधिकारी, त्याआधी वनक्षेत्रपाल, पण गावात "रेंजर साहेब आले".

इंग्लंडात राजाच्या राखीव रानात हिंडून लक्ष ठेवणारा तो रेंजर. ‘रेंज’चा हिंडणे हा अर्थ तिथे पकडला आहे. ओळीवरून हिंडण्यावर गाडी कशी आली ते हाका बघितलेल्याला सांगावं लागत नाही. हाकेकरी एका ओळीत उभे राहतात आणि डबे वाजवत, ओळ न मोडता सगळं रान पालथं घालतात. ओळ आणि फिरणं एकाच वेळी.

आता आमच्या खात्याची उतरंड बघा. सगळ्यात वर वनवृत्त, म्हणजे सर्कल. त्याखाली विभाग. त्याखाली परिक्षेत्र, म्हणजे रेंज. त्याखाली परिमंडळ, म्हणजे राऊंड, तिथे वनपाल. शेवटी नियतक्षेत्र, म्हणजे बीट, तिथे वनरक्षक. पायी चालतो तो हाच शेवटचा. वर एक गोल, खाली एक गोल आणि मधे तुमची रेंज. पस्तीस वर्षं ही कागदं लिहिली, आज पहिल्यांदा हसू आलं.

पोलिसांतही परिक्षेत्र असतं. पेपरात ‘कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक’ असतं ना, तेही रेंजच.

माळरान

आम्ही पारनेरकडचे. आमच्याकडे ‘रेंज’ म्हटलं की मोबाईल नंतर आठवतो, आधी के. के. रेंज. लष्कराचं रणगाड्यांच्या सरावाचं क्षेत्र. के. के. म्हणजे कुणा साहेबाची आद्याक्षरं असतील असं मला कॉलेजला जाईपर्यंत वाटायचं. ते खारे कर्जुने, नगर तालुक्यातलं गाव. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांत ‘रेंजमध्ये जमीन जाणे’ हा वाक्प्रचार आहे, आणि तो कुणी सहज उच्चारत नाही. लहानपणी सराव सुरू झाला की घरातली भांडी फडताळात वाजायची. आजी म्हणायची, "रेंज बोलायला लागली."

एक निरीक्षण. तोफेच्या रेंजला मराठीत दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. क्षेपणास्त्राचा पल्ला असतो, पण शत्रू टप्प्यात येतो. ‘अग्नी-५चा पल्ला ५००० किलोमीटरहून जास्त’ असंच पेपर छापणार. पल्ला मारणाऱ्याच्या बाजूने, टप्पा मार खाणाऱ्याच्या बाजूने. इंग्रजी दोन्हीकडे एकाच शब्दावर भागवते.

तानपलटा

वा! आणि गळ्याची रेंज? गाणारे लोक हल्ली सर्रास म्हणतात, "तिची रेंज जबरदस्त आहे." माझ्या गुरुजींच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही. किती उंच-खाली जातो ते सांगायचं तर "तीनही सप्तकांत गळा फिरतो" म्हणायचे. आणि नुसतं जाणं वेगळं, सहज हिंडणं वेगळं. त्याला ‘फिरत’. गळ्याला फिरत आहे की नाही हे पहिल्या दोन तानांत कळतं. सागवान म्हणतात तो रेंजर, रानात हिंडणारा, तो आमच्याकडे गळ्यात आहे.

रिॲलिटी शोमध्ये तार सप्तकातल्या पंचमावर टाळ्या घेणाऱ्या मुलांना रेंज आहे, फिरत नाही. (माझं वैयक्तिक मत, दगड मारू नका.)

दूरदेशी

अमेरिकेतल्या ओहायोतून. मागच्या वर्षी घर घेतलं. त्यात रेंज दोनदा आली. स्वयंपाकघरात ‘गॅस रेंज’, आणि खरेदीखतात ‘टाउनशिप अमुक, रेंज तमुक’. वकिलाला विचारलं तर हे प्रकरण १७८५ सालच्या जमीन कायद्यापर्यंत गेलं. नव्या मुलखाचे सहा-सहा मैलांचे चौरस आखले. एका उभ्या ओळीतले सगळे चौरस मिळून एक रेंज. नदी असो, टेकडी असो, ओळ सरळच. आपल्याकडे गट नंबर, इथे ओळ नंबर. ओळंबा काकांच्या काठ्या इथेही फिरल्या असणार.

आणि ‘रँच’ही याच घरातलं. फ्रेंच ‘ओळीत लावणे’, त्यावरून मुक्काम ठोकणे, ते स्पॅनिश शिपायांनी घेतलं, तिथून ‘रांचो’, आणि मेक्सिकोमार्गे इथे गुरांचं शेत. इथल्या दुकानात ‘फ्री रेंज’ अंडी मिळतात, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची. आईला फोनवर समजावून सांगत होतो, पाच मिनिटांनी ती म्हणाली, "गावरान म्हण की सरळ."

शून्यप्रहर

‘गावरान’ला +१. पुण्यात रेंज हिल नावाचं मेट्रो स्टेशन आहे. तिथे कॉल ड्रॉप झाला तर तक्रार कुठल्या शब्दात करायची?

माझं दुखणं स्कूटरचं. इलेक्ट्रिक घेतली. विकणाऱ्याने १२० किलोमीटरची रेंज सांगितली, कात्रजचा घाट रोज चढतो त्यामुळे ८५ मिळाले तरी आनंद मानतो. नंतर कळलं की तो १२० आकडा प्रयोगशाळेत ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या थांब्यांनी गाडी रोलरवर चालवून काढतात. तिथे घाट नसतो, मागे बसलेली बायको नसते, डिकीत तांदूळ नसतो.

पण भाषा बघा. पेट्रोलच्या गाडीला विचारायचो, "ॲव्हरेज किती देते?" आता, "रेंज किती देते?" देणारी गाडीच, शब्द बदलला. (‘ॲव्हरेज’चं मूळ जहाजावरच्या मालाच्या नुकसानीची भरपाई वाटून घेण्यात आहे. त्याचा वेगळा धागा काढा कुणीतरी.)

खडूफळा

भूगोल शिकवते. भाचीला सांगा, आमच्या पुस्तकात तापमानाच्या रेंजला ‘तापमान कक्षा’ म्हणतात. दिवसाचं कमाल आणि किमान यांतला फरक. मुंबईची कक्षा कमी, कारण समुद्र जवळ. नागपूरची जास्त. आणि ग्रह फिरतो ती वाट, तीही कक्षा! मुलं दरवर्षी विचारतात, "बाई, तापमान कशाभोवती फिरतं?" दरवर्षी मी "गप्प बसा" म्हणते. यंदा हा धागा वाचून दाखवीन. गोलावरून व्याप्तीवर आपणही आलो आहोत, फक्त फ्रान्समार्गे नाही. ‘कक्षा रुंदावल्या’ म्हणतोच की.

खांबावरचा

मोबाईल टॉवरची कामं करतो, म्हणून मूळ प्रश्नाचं माझ्या बाजूने उत्तर. रेंज गोल की सरळ?

नकाशावर आम्ही ती गोल काढतो, पण ती गोल नसते. टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात, एकेक साधारण १२० अंश सांभाळतो. म्हणजे भाकरीचे तीन तुकडे. जुन्या जीएसएमला, म्हणजे टू-जीला, ३५ किलोमीटरची पक्की हद्द होती. सिग्नल कितीही दणकट असला तरी त्यापलीकडच्या फोनचं उत्तर त्याला नेमून दिलेल्या वेळेच्या खाचेत पोचत नसे. पण कोकणात ३५ चा प्रश्नच येत नाही, त्याआधी डोंगर येतो. ही लहर बरीचशी सरळ रेषेत चालते. मधे कडा आला की पलीकडच्या खोऱ्यात सावली. तुमच्या आत्यांच्या फणसाला वरच्या अंगाला कुठून तरी खिंडीतून टॉवर दिसत असणार, आणि खाली उभ्या माणसाला नाही. ओळंबा काकांची टेकडीची गोष्ट आहे ना, तीच. पिशवी हा तुमच्या आत्यांचा रेंजिंग रॉड आहे.

पिशवी एकदा घराच्या पश्चिमेच्या फांदीला बांधून बघा.

पागोळी

खांबावरचा, आता फणस बघताना मला लाल-पांढरे पट्टे दिसणार.

माळराननी पल्ला-टप्प्याचं लिहिलं तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. इंग्रजीत माणूस रेंजमध्ये असतो किंवा रेंजच्या बाहेर असतो. रेंज जागची हलत नाही, माणूस हलतो. मराठीत माणूस फणसाखाली उभा असतो आणि रेंज येते. कधी जाते. कधी नुसती एक काडी येऊन उभी राहते. वीज येते, पाणी येतं, एसटी येते, तशीच रेंज. ज्या ज्या गोष्टीची वाट बघत बसावं लागतं, तिला आपण ‘येते’ म्हणतो. बाकीचे सगळे अर्थ आपल्याकडे आधीच होते, रांग, पल्ला, टप्पा, फिरत, कक्षा, परिक्षेत्र. एक याच अर्थाला शब्द नव्हता, कारण ती वस्तूच नव्हती.

ओळंबा

‘एक काडी’ला अनुमोदन. आमच्या हिला दोन काड्या आल्या तरच ती मुलाला फोन लावते, एकीवर लावत नाही.

अर्धविराम

फ्रान्समध्ये हॉटेलच्या दाराला पाटी अडकवतात, ‘डिरेंज करू नका’. आपल्याच शब्दाचं भावंड. अर्थ, त्रास देऊ नका. ओळंबा काकू दुपारी झोपल्या की तशी एक लावून द्या.

पागोळी

काल आत्याला हे सगळं सांगायला फोन लावला. पिशवी पश्चिमेच्या फांदीला गेली आहे आणि आवाज खरंच सुधारला आहे. फ्रेंच, फ्रँक, सगळं ‘हं, हं’ करत ऐकलं तिने. चांदोबाच्या लिंबापाशी पोचले आणि नेमकी रेंज गेली.

आज सकाळी तिचाच फोन. "अगं काल निम्मंच ऐकू आलं. अश्व धावला का मग?"